बाईक, तंबू आणि सपाट रस्ता: ठाण्याहून मराठवाड्याकडे निघणाऱ्या नवख्यांसाठी एका दिवसाचं गणित

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल, आपण इकडचे बाईकवाले ट्रिप म्हटलं की पहिला घाट बघतो. माळशेज, नाणेघाट, भंडारदरा, दोन दिवसात परत. पण माळशेज चढून वर गेलं, आळेफाटा मागे टाकला, नगर ओलांडलं की पुढे थेट नांदेडपर्यंत जो मोकळा देश पसरलाय ना, तिथे गाडीला तंबू बांधून तीन-चार दिवस फिरणं ही वेगळीच गोष्ट आहे आणि माझ्या मते नवख्या माणसाने लांबच्या कॅम्पिंगची सुरुवात तिथूनच करावी. वळणं कमी, चढ कमी, दर वीस-पंचवीस किलोमीटरवर गाव, पंक्चरवाला, चहा. गाडी पण मोठी लागत नाही, दीडशे सीसीची रोजची ऑफिसची गाडी नीट सर्व्हिस केलेली असली की भरपूर झालं.

अवघड आहे ते गाडी चालवणं नाही, दिवस बसवणं. म्हणून हा लेख सामानाच्या यादीचा नाही, एका दिवसाचा आहे. ट्रिपमधला मधला कुठलाही एक दिवस घ्या, समजा पाथर्डीच्या पुढे कुठेतरी सकाळ झालीय आणि रात्री पाथरी-परभणीच्या बाजूला टेकायचंय, तो दिवस कसा काढायचा ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: दिवस संध्याकाळकडून मोजायचा

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. सकाळी निघताना "आज किती किलोमीटर मारायचे" हा प्रश्न विचारायचाच नाही, "आज उजेडात तंबू कधी लागला पाहिजे" हा विचारायचा आणि तिथून मागे मागे यायचं.

डिसेंबरात परभणी-नांदेडकडे पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो. आपल्याला ठाण्यात सहा वाजताचा उजेड माहिती असतो, पण आपण पूर्वेकडे जात असतो आणि रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटं या हिशोबाने नांदेडला ठाण्यापेक्षा साधारण १७ मिनिटं आधी अंधार होतो. ऐकायला कमी वाटतं पण जागा शोधताना ती १७ मिनिटं फार मोठी असतात. तर मावळतीच्या आधी सव्वा-दीड तास म्हणजे साडेचारला गाडी उभी, त्याच्या आधी तासभर जागा शोधायला म्हणजे साडेतीनला मोठा रस्ता सोडायचा. सकाळी पावणेसातला निघालात तर हातात पावणेनऊ तास, त्यातले नाश्ता, जेवण, चहा, पेट्रोल, फोटो यात अडीच तास सहज जातात, राहिले सहा-सव्वासहा. गावं, गतिरोधक, ट्रॉल्या, म्हशी धरून तासाला ३५-४० चा सरासरी वेग पकडा. सव्वादोनशे किलोमीटर झाले. नवख्याने २०० वरच थांबावं, उरलेला वेळ पंक्चरसाठी आणि गप्पांसाठी.

ठाणे ते नांदेड या रस्त्याने साडेपाचशे-पावणेसहाशे किलोमीटर आहे, म्हणजे आरामात तीन दिवस. लोक एका दिवसात पण मारतात ते मला माहितीये, पण त्याला कॅम्पिंग ट्रिप म्हणत नाहीत.

घरून निघण्याआधीचं, थोडक्यात

तंबू पहिल्यांदा सोसायटीच्या गच्चीवर लावून बघा, दोनदा लावा, दुसऱ्यांदा अंधारात. पोल कुठला कुठे जातो ते हाताला कळलं पाहिजे. ती छोटी अॅल्युमिनियमची खुंटी जी तंबूसोबत मिळते ती मुरमाड जमिनीत वाकते, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची लोखंडी खिळे आठ-दहा घेऊन ठेवा, स्वस्तात काम होतं.

वजन खाली आणि पुढे. म्हणजे जड वस्तू, हत्यारं, पाणी, स्टोव्ह हे सॅडलबॅगमध्ये तळाला, आणि मागे सीटवर आडवी जी बॅग बांधतो तिच्यात झोपायची बॅग, कपडे असं हलकं. तंबू जड असेल तर तो सीटला चिकटून, टेललाईटच्या मागे लोंबता नको, नाहीतर पुढचं चाक हलकं होतं आणि ट्रक बाजूने गेला की हँडल डुलतं. सायलेन्सरच्या बाजूची बॅग नीट तपासा, गाडीवर बसून शॉकअप दाबल्यावर ती सायलेन्सरला टेकत नाही ना ते कुणाला तरी बघायला सांगा. बंजी दोरीवर सगळं सोडू नका, त्या ताणतात आणि सैल होतात, बकलवाले पट्टे घ्या आणि पट्ट्याची उरलेली शेपटी गाठ मारून आत खोचा, कारण ती चेनमध्ये गेली तर मागचं चाक जाम होतं.

टायरची हवा सामानासकट दोन माणसांसाठी जी लिहिलेली असते ती भरायची, चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर स्टिकर असतो. ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप, ट्यूबवाली असेल तर एक ट्यूब जवळ पाहिजेच. क्लच आणि अॅक्सिलरेटरची एकेक केबल. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी डिजीलॉकरमध्ये चालतं पण फोन बंद पडतो तेव्हा काय, म्हणून एक झेरॉक्स सेट. हेल्मेट आयएसआयचं. रोख पैसे पण ठेवा, स्कॅनर सगळीकडे आहे पण नेटवर्क सगळीकडे नाही.

ठाण्यातून बाहेर पडणं

याला वेगळी पायरी द्यावी लागते यातच सगळं आलं. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आहे, अटल सेतूवर आहे, त्यामुळे मॅप दुचाकीच्या मोडवर टाका नाहीतर तो तुम्हाला तिकडेच ओढत नेईल. ठाण्याहून माजिवडा, भिवंडी बायपास, रांजनोली, कोन, दुर्गाडी, कल्याण, मुरबाड. नवी मुंबईवाल्यांनी महापे-शीळफाट्यावरून कल्याण गाठायचं. पहाटे साडेचार-पाचला निघालात तर मुरबाडला उजाडतं, साडेसातला निघालात तर कंटेनरच्या मागे धूर खात बसाल आणि पहिल्याच दिवशी हातातले दोन तास गेले. पुढे माळशेज, ओतूर, आळेफाटा, टाकळी ढोकेश्वर, नगर. ठाण्यापासून नगर सव्वादोनशेच्या आसपास, पहिल्या दिवसाला तेवढं बस.

सकाळ: सूर्य समोर असतो

आता तो मधला दिवस. पावणेसातला निघालात, थंडी आहे, हवा स्वच्छ, रस्ता रिकामा, हा दिवसातला सगळ्यात सुंदर तास. दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी, मधेच तुरीचं शेत, कापसाच्या पऱ्हाट्या. पण सव्वासातनंतर एक अडचण सुरू होते. आपण पूर्वेकडे जातोय, सूर्य बरोबर डोळ्यासमोर, रस्ता सरळ, मान वळवायला जागा नाही. साडेआठपर्यंत समोरचा खड्डा दिसत नाही, रंग उडालेला गतिरोधक तर अजिबात दिसत नाही. म्हणून नाश्ता त्याच वेळेत करायचा. चाळीसेक मिनिटं चालवा, पहिल्या मोठ्या गावात एसटी स्टँडजवळ थांबा, पोहे, भजी, चहा, तोपर्यंत सूर्य वर येतो.

संध्याकाळी हेच उलट होतं. तेव्हा सूर्य आपल्या पाठीला, आपल्याला सगळं लख्ख दिसतंय, आणि समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या डोळ्यात सूर्य, त्याला आपण दिसत नाही. आपल्याला छान दिसतंय म्हणून त्यालाही दिसत असेल असं धरून चालतो तिथे अपघात होतो. एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना हेडलाईट आपोआप चालूच असतो, जुन्या गाडीला हाताने लावा, आणि समोरून ओव्हरटेक करत येणारा दिसला की तो थांबेल यावर भरवसा ठेवू नका, डावीकडे या, वेग कमी करा.

दुपारपर्यंत: सरळ रस्त्याचं झोपेचं काय करायचं

घाटात माणूस जागा असतो कारण हात-पाय-डोळे सगळे कामात असतात. सपाटीवर तसं नसतं, ६०-७० च्या वेगाने एकसुरी आवाज, समोर सरळ पट्टी, आणि अर्ध्या तासाने लक्षात येतं की मागचं गाव कधी गेलं ते आठवत नाही. ही खूण झाली की लगेच थांबायचं, पुढच्या गावाची वाट बघायची नाही. दर तासाने किंवा साठ किलोमीटरला उतरायचं, हेल्मेट काढायचं, चार पावलं चालायचं, पाणी प्यायचं. थंडीत तहान लागत नाही पण वाऱ्याने अंग सुकतं आणि डोकं दुखायला लागतं, ते पाणी कमी पडल्याचं असतं.

रस्त्यावर काय काय असतं ते पण ऐकून ठेवा. सोयाबीनच्या काढणीला, म्हणजे ऑक्टोबरात, रस्त्याची अर्धी बाजू वाळवणाने भरलेली असते, त्यावरून ब्रेक मारला तर गाडी गेलीच समजा, आणि तसंही ते कुणाचं तरी वर्षाचं पीक आहे, बाजूने जायचं. डिसेंबर-जानेवारीत तुरीचं असतं. आणि दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत उसाचा हंगाम, माजलगाव-पाथरी पट्ट्यात साखर कारखाने आहेत, तिकडे ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या असतात, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर पाल्याखाली झाकलेला. दिवसा त्या दिसतात. रात्री त्या दिसतच नाहीत, त्यातली एखादी चाक निखळून रस्त्यातच उभी असते. सपाटीवर रात्री बाईक चालवू नका असं मी जे पुन्हा पुन्हा म्हणतो त्याचं मुख्य कारण ही ट्रॉली आहे.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं, पंप भरपूर आहेत पण आतल्या रस्त्याला लागलात की पुढचा कधी ते सांगता येत नाही.

जेवण एक वाजता, हलकं. पिठलं-भाकरी, ठेचा, ताक. मटण थाळीचा मोह होतो पण ती मुक्कामाच्या रात्रीसाठी ठेवा, दुपारी खाल्ली तर दोन वाजता डोळे मिटणारच. जेवून लगेच निघू नका, ढाब्यावर खाट असते, मालकाला विचारून पंधरा-वीस मिनिटं पाठ टेका. जेवताना रात्रीचं पण बघून घ्यायचं, तांदूळ, डाळ, कांदे, पाच लिटरचा पाण्याचा कॅन इथेच भरून घ्या. शेतात बोअरचं पाणी मिळतं पण खूप ठिकाणी जड असतं, भांडी घासायला ठीक, पोटाला नवीन माणसाला नाही.

साडेतीन: रस्ता सोडायचा आणि विचारायचं

ही पायरी नवख्यांना सगळ्यात जास्त भीती वाटते ती. कुणाच्या शेतात कसं राहायचं, कोण हो म्हणेल. खरं सांगतो, नीट विचारलं तर लोक हो म्हणतात, पण न विचारता तंबू टाकलात तर त्याचा राग येतो आणि तो रास्त आहे. त्याची जमीन आहे, त्याचं पीक आहे.

मोठ्या रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत जा म्हणजे ट्रकचा आवाज आणि येणारे-जाणारे दोन्ही टळतात. गावाच्या अगदी मधे नको, अगदी निर्जन पण नको, शेतातला आखाडा (म्हणजे शेतातलं घर-गोठा) किंवा वस्ती दिसेल अशी जागा बघा जिथे हाक मारली तर ऐकू जाईल. गाडी बंद करा, हेल्मेट काढा, तोंडाचा रुमाल काढा, मग चालत जा. हेल्मेट घालून जाकीटमध्ये कुणी दारात आलं तर माणूस आधी दचकतो.

"रामराम मामा. आम्ही ठाण्याहून आलोय, नांदेडला चाललोय गाडीवर. आजची रात्र इथं बांधाच्या कडेला तंबू लावला तर चालेल का? जाळ करणार नाही, सकाळी सातला जातो."

मग साधारण असं होतं. "कोण गाव म्हणलात?" "ठाणं." "म्हंजी मुंबईच की. इतक्या लांबून गाडीवर? घरच्यांनी सोडलं?" आणि मग "जेवायचं काय करता?" हा प्रश्न आला की समजा जागा मिळाली. आडनाव, काम, लग्न झालं का, ऑफिसात पगार किती, सगळं विचारतील, उत्तरं द्या, कुणालाही दारात आलेला माणूस कोण हे कळायला नको का. कधी कधी "तंबू कशाला, ओसरीवर टाका की पथाऱ्या" म्हणतात, आग्रह मनापासून असेल तर राहा, तंबू दुसऱ्या दिवशी लागेल.

ज्याला विचारताय तो मालक आहे की सालगडी ते बघा. सालगडी हो म्हणाला आणि रात्री मालक आला तर बोलणी त्या बिचाऱ्याला बसतात, म्हणून "मालकांना एक फोन लावता का" असं तिथेच म्हणायचं. गावात पोलीस पाटील असतो, त्याच्या कानावर घातलं तर उत्तमच, रात्री कुणी चौकशी केली तर एक नाव सांगता येतं. शेत मिळालं नाही तर देवळाचा सभामंडप, मोठ्या देवस्थानाचा भक्तनिवास, किंवा रात्रभर चालू असणाऱ्या पेट्रोल पंपाची मागची जागा, विचारून.

एकट्या मुलीने किंवा दोघी मैत्रिणींनी जाताना माझं स्पष्ट मत आहे की बायकामाणसं असलेलं घर बघा, मावशींशी बोला, तंबू अंगणातच लावा, लाईव्ह लोकेशन घरी चालू ठेवा. मुली हे करतात, छान करतात, फक्त जागेची निवड चार वाजताच पक्की झाली पाहिजे.

पैसे देऊ केले तर बहुतेक जण रागावतात. निघताना अर्धा किलो साखर, चहापत्ती, पोरांना बिस्किटं, हे आधीच सामानात ठेवा आणि घरातल्या आजींच्या हातात द्या.

अभयारण्यात मात्र हा मार्ग नाही. जायकवाडीचं पक्षी अभयारण्य, नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य, अशा ठिकाणी वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करायचाच नाही, माळरान मोकळं दिसतं म्हणून ते कुणाचंच नाही असं होत नाही. धरणाच्या भिंतीजवळही नाही.

साडेचार: जागा पायाने तपासा

परवानगी मिळाली, आता नेमकं कुठे. पहिल्यांदा त्या जागेभोवती चालून या, उजेडातच. शेतातल्या कितीतरी विहिरींना कठडा नसतो, जमिनीच्या पातळीला काळं तोंड, कडेने गवत. रात्री लघवीला उठलेला माणूस थेट आत. विहीर कुठे आहे हे मालकाला विचारा, जाऊन बघा, आणि तंबू तिच्यापासून लांब, मधे काहीतरी अडसर राहील असा.

दुसरं विचारायचं ते लाईटचं. शेताला थ्री फेज लाईट बऱ्याच ठिकाणी पाळीने रात्रीची असते, लोक रात्री उठून पाणी धरतात, काहींच्या मोटारीला ऑटो बसवलेला असतो, लाईट आली की आपोआप सुरू. तुम्ही कोरडी, सपाट, छान जागा बघून तंबू लावलात आणि ती नेमकी दांडाच्या, म्हणजे पिकाला पाणी नेणाऱ्या चारीच्या, वाटेत असेल तर रात्री एक वाजता खालून पाणी. "मामा, रात्री इकडं पाणी सुटणार का?" हा एक प्रश्न, विसरायचा नाही.

तिसरं, रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेली तार. झटका मशीनचा झटका तसा थांबून थांबून येतो पण काही जण चोरून थेट लाईनचा करंट सोडतात आणि तो जीव घेतो. संध्याकाळनंतर कुठल्याही तारेला हात लावायचा नाही, ओलांडायचं नाही, आणि कुठे तार आहे हे पण विचारून ठेवायचं.

बाकी बाभळीखाली नको, काटे तंबूच्या तळालाही जातात आणि टायरलाही. गोठ्याजवळ नको, गोचीड. ओढ्यात नको, विजेच्या तारांखाली नको. कडुलिंबाचं झाड असेल तर मस्त, रात्रीचं दव पण कमी पडतं. सोयाबीन निघून रिकामं पडलेलं रान किंवा घरामागचं खळं ही सगळ्यात चांगली जागा, घरासारखी.

काळ्या मातीचं वेगळं सांगतो. कोरडी असताना तिला भेगा असतात, खुंटी भेगेत सहज जाते आणि तितक्याच सहज निघते, म्हणून भेग सोडून अख्ख्या ढेकळात तिरकी ठोका. साईड स्टँडखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर पहाटेपर्यंत स्टँड मातीत रुतून गाडी आडवी होते, सामान लादलेलं असेल तर नक्कीच. आणि अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर काळ्या रानात शिरूच नका. ओली झाली की ती माती मडगार्ड आणि चाकाच्या मधे अशी भरते की चाक फिरायचं थांबतं, ढकलताही येत नाही. अशा दिवशी डांबराला लागून असलेली मुरमाची जागा बघा किंवा सरळ लॉज घ्या.

तंबूचं दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला आणि जमलं तर पूर्वेला, म्हणजे सकाळी ऊन आत येतं आणि दव लवकर सुकतं. खालची ताडपत्री तंबूच्या बाहेर आलेली नको, दवाचं पाणी तिच्यावर ओघळून आत येतं, कडा आत दुमडा.

अंधार पडायच्या आधीचा अर्धा तास गाडीचा

तंबू लागला की लोक आडवे होतात. थांबा. चेन अजून कोमट आहे, ल्यूब लावायची हीच वेळ, रात्रभर ते आत मुरतं आणि सकाळी उडत नाही. मधल्या स्टँडवर चाक फिरवत आतल्या बाजूने लावा, ताण बघा, साधारण पाचशे किलोमीटरला एकदा पुरतं पण धुळीचा रस्ता लागला असेल तर रोज. टायरवरून हात फिरवा, बाभळीचा काटा अडकलेला असला तर आता सापडतो, सकाळी सापडतो तो पंक्चर म्हणून. कॅरिअरचे नटबोल्ट, नंबरप्लेट, आरसे, हाताने हलवून बघा, एकसारख्या थरथरीने हे सैल होतात. पट्टे कुठे घासलेत का. मग मुठीत किल्ली, टाकी अर्धी, फोन पॉवरबँकला, आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला थांबा ठरला, मग खुशाल आडवे व्हा.

रात्र

स्वयंपाक छोट्या गॅस कॅनवर. खिचडी, वर तूप, सोबत मालकाकडून आलेला ठेचा असतोच. जाळ करायचा नाही म्हणजे नाही, आणि हे मी कितीही मोठ्या आवाजात सांगायला तयार आहे. आजूबाजूला कडब्याच्या गंजी असतात, वाळलेलं गवत, तुराट्या, एक ठिणगी उडाली तर त्या घरातल्या जनावरांचा वर्षाचा चारा जातो. इन्स्टावरच्या फोटोसाठी हा धोका दुसऱ्याच्या जिवावर घ्यायचा हक्क आपल्याला नाही. मालकानेच अंगणात शेकोटी पेटवली तर तिच्याजवळ बसा, गप्पा मारा, जानेवारीत हुरडा असेल तर तुमचं नशीब.

गॅस तंबूच्या आत पेटवायचा नाही, थंडी कितीही असो, आग तर आहेच पण बंद तंबूत कार्बन मोनॉक्साईडने झोपेतच माणूस जातो. थंडी असतेच, सपाटीवर डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली पण जातो आणि ठाण्यात राहणाऱ्याला त्याचा अंदाज नसतो. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते, त्यामुळे जाड रजई आणण्यापेक्षा खालची फोमची मॅट चांगली घ्या, कानटोपी, कोरडे मोजे.

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. थंडीत त्यांचा वावर कमी असतो पण नसतोच असं नाही. तंबूची चेन कायम पूर्ण बंद, बूट आत, सकाळी बूट आणि हेल्मेट झटकून घालायचं, रात्री बाहेर पडताना टॉर्च जमिनीवर. चावलाच तर चिरा मारणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही, माणसाला हलू द्यायचं नाही, १०८ किंवा ११२ ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय, प्रतिविष तिथे मिळतं. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं ते मुक्कामाला लागतानाच मालकाला विचारून घ्या. राष्ट्रीय महामार्गावर गाडीचं काही झालं तर १०३३.

पहाटे आवरणं

साडेपाचला उठायचं, सव्वा तास लागतोच. तंबूवर दव असतं, आधी तो फडक्याने पुसा, मग चहा ठेवा, चहा होईपर्यंत तो थोडा सुकतो. ओलाच गुंडाळावा लागला तर दुपारच्या जेवणाच्या थांब्यावर ढाब्याच्या कुंपणावर वीस मिनिटं टाका. सामान रोज त्याच क्रमाने, त्याच जागी, मग काही राहिलंय का ते रिकाम्या जागेवरूनच कळतं. शेवटी तंबूच्या जागेवरून एक फेरी, खिळे मोजून घ्या, हे फार गरजेचं आहे, राहिलेला खिळा पुढच्या नांगरटीत बैलाच्या पायात नाहीतर ट्रॅक्टरच्या टायरमध्ये जातो. कचरा सगळा सोबत, कांद्याच्या सालीपर्यंत. मालकाला सांगून निघायचं, न सांगता नाही. पोचलात की फोन करा असं म्हणतात ते, तो फोन खरंच करा.

परतीचं एवढंच

येताना दिशा उलटी, म्हणजे सकाळ आरामाची आणि दुपारी साडेतीननंतर सूर्य डोळ्यात, त्यामुळे परतीच्या दिवसांत थांबायची वेळ अजून अर्धा तास अलीकडे ओढा. शेवटचा मुक्काम ओतूर-आळेफाट्याच्या आसपास करा, तिथून पहाटे निघून माळशेज उजेडात उतरायचा आणि अकराच्या आत कल्याण पार करायचं. रविवारी संध्याकाळी घाट उतरून मुरबाड रोडला लागू नका, सगळी मुंबई तेव्हा परतत असते, दुर्गाडीपासून माजिवड्यापर्यंत क्लच दाबून हात भरून येतो आणि थकलेल्या माणसाकडून चूक तिथेच होते. सोमवारची सुट्टी आधीच टाकून ठेवा.